व्हॉल्व्हचे वॉट, ट्रान्झिस्टरचे वॉट आणि कानावर पडणारा आवाज

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे: व्हॉल्व्हचा एक वॉट म्हणजे ट्रान्झिस्टरचे तीन वॉट. कुणी दोन म्हणतं, कुणी चार. पण ३० वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प १०० वॉटच्या सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या, ॲम्पला पुरून उरतो, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं आणि पुष्कळांनी तालमीत अनुभवलेलंही असतं. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूस हे ऐकून वैतागतो. वॉट हे शक्तीचं माप आहे, ती शक्ती काचेच्या नळीतून आली काय किंवा सिलिकॉनच्या तुकड्यातून आली काय, माप बदलत नाही, असं तो म्हणतो. दोघंही बरोबर आहेत. ते एकाच वेळी बरोबर कसे, हे ज्याला कळलं त्याचे ॲम्प घेताना बरेच पैसे वाचतात, म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं: वॉट दोन्हीकडे सारखेच असतात, पण ॲम्पवर छापलेला आकडा हा आवाज फाटायला लागण्याच्या सीमेचा आकडा असतो. व्हॉल्व्ह ॲम्प ती सीमा ओलांडून वाजवला जातो, सॉलिड-स्टेट ॲम्प तिच्या बराच अलीकडे ठेवावा लागतो. आणि आवाज किती मोठा येणार हे ठरवणारा एक मोठा घटक त्या आकड्यात नसतोच; तो स्पीकरमध्ये असतो.

सुरुवात कानापासून करायला हवी, कारण वॉटचा आकडा आपल्याला फसवतो तो मुख्यतः कानाच्या स्वभावामुळे. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी ३ डेसिबेलने वाढते. ३ डेसिबेलचा फरक जाणवतो, पण दुप्पट मोठा वाटत नाही. आवाज साधारण दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबेल लागतात, म्हणजे शक्ती दहापट करावी लागते. १० वॉटच्या ॲम्पपेक्षा दुप्पट मोठा आवाज हवा असेल तर बाकी सगळं तेच ठेवून १०० वॉटचा ॲम्प घ्यावा लागेल. ५० आणि १०० वॉटमधला फरक नेमका ३ डेसिबेलचा, आणि ३० व १०० वॉटमधला जेमतेम ५ डेसिबेलचा. दुकानात १०० या आकड्यापुढे ३० हा आकडा केविलवाणा दिसतो. कानाला तो फरक व्हॉल्यूमचं बटण थोडंसं फिरवण्याइतका असतो. एवढा छोटा फरक दुसऱ्या कुठल्याही कारणाने सहज भरून निघू शकतो, आणि प्रत्यक्षात निघतोच.

त्यातलं पहिलं कारण स्पीकर. प्रत्येक स्पीकरची एक संवेदनक्षमता असते: १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबेल आवाज येतो. घरातल्या साध्या हाय-फाय स्पीकरची ती ८६ च्या आसपास असते. गिटार ॲम्पमध्ये वापरल्या जाणाऱ्या सेलेस्टियन कंपनीच्या ग्रीनबॅक स्पीकरची ९८, व्हिंटेज ३० ची १००. १४ डेसिबेलचा फरक म्हणजे शक्तीच्या हिशेबात २५ पट. चांगल्या गिटार स्पीकरमधून ४ वॉट जेवढा आवाज देतात, तेवढ्यासाठी त्या घरगुती स्पीकरला १०० वॉट लागतील. आपल्याकडे गावोगावच्या मांडवात आणि जत्रेत वाजणारा कर्णा हा याचा उघड पुरावा आहे. कर्ण्याची संवेदनक्षमता गिटार स्पीकरच्याही वर असते, म्हणून थोड्याशा वॉटच्या जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवरची आरती शिवारापलीकडे ऐकू जायची. व्हॉक्स एसी-३० या इंग्लिश ॲम्पचा दबदबाही असाच. त्याचे ३० वॉट दोन १२ इंची सेलेस्टियन ब्लू स्पीकरमधून बाहेर पडतात, आणि त्या प्रत्येक स्पीकरची संवेदनक्षमता १०० डेसिबेल आहे. याउलट नवशिक्यांसाठीच्या स्वस्त सॉलिड-स्टेट ॲम्पमध्ये ८ किंवा १० इंची हलका स्पीकर आणि पातळ लाकडाचा डबा असतो. या दोघांची तुलना करून व्हॉल्व्ह जिंकला म्हणणं म्हणजे स्पीकरचं श्रेय व्हॉल्व्हला देणं. तालमीत ऐकलेल्या कित्येक चमत्कारांचा उलगडा इथेच होतो.

पण सगळ्यांचा होत नाही. एकाच कॅबिनेटला, म्हणजे स्पीकरच्या डब्याला, आळीपाळीने दोन हेड (स्पीकर नसलेले नुसते ॲम्प) जोडले, तरी ३० वॉटचं व्हॉल्व्ह हेड ६० वॉटच्या सॉलिड-स्टेट हेडपेक्षा मोठं वाटू शकतं. हे समजण्यासाठी छापील आकडा येतो कुठून ते पाहू. ॲम्पला स्पीकरऐवजी ८ किंवा ४ ओहमचा रेझिस्टर जोडतात, आत एका फ्रीक्वेन्सीची शुद्ध साइन लहर सोडतात, आणि विकृती ठरावीक टक्क्यांवर पोचली की तिथली शक्ती नोंदवतात. हा टक्का कोणता धरायचा हे उत्पादक ठरवतो. कुणी १ टक्का धरतो, कुणी ५, कुणी १०. टक्का सैल केला की त्याच ॲम्पचे वॉट वाढतात. घरगुती ऑडिओत या आकड्यांचा इतका गोंधळ माजला होता की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये नियम करावा लागला: वॉटचा दावा करायचा तर किती ओहमवर, कोणत्या फ्रीक्वेन्सींच्या टप्प्यात आणि किती विकृतीवर, हे सांगा. तो नियम घरगुती उपकरणांचा होता, गिटार ॲम्पचा नव्हता. आपल्याकडे ज्यांनी टेप-रेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टिमवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचे, हजारोंतले आकडे वाचले आहेत, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. पीएमपीओ लिहिलेला आकडा तुलनेत धरूच नये. ‘पीक’ लिहिलेला आकडा निम्मा करून घ्यावा. नुसतं ‘आरएमएस’ लिहिलं असेल तरी तो किती ओहमवरचा आहे ते विचारावं.

आता मूळ मुद्दा. गिटारची तार पिकने छेडली की पहिल्या काही मिलिसेकंदांत एक उंच ठोका उमटतो, मग स्वर झपाट्याने खाली येतो आणि त्याची आस रेंगाळत राहते. ऑसिलोस्कोपवर हे स्पष्ट दिसतं: डावीकडे सुळका, उजवीकडे लांब उतरण. ठोका आणि आस यांच्या पातळीत १० ते १५ डेसिबेलचं अंतर सहज असतं. हिशेबासाठी १२ धरू. आवाज किती मोठा आहे हे कान त्या क्षणभराच्या सुळक्यावरून ठरवत नाही, मागे राहणाऱ्या सरासरी पातळीवरून ठरवतो. १०० वॉटचा सॉलिड-स्टेट ॲम्प स्वच्छ ठेवायचा तर सुळका १०० वॉटच्या आत बसला पाहिजे. मग सरासरी त्याच्या १२ डेसिबेल खाली येते, म्हणजे ६ वॉटच्या आसपास. १०० वॉट विकत घेतले आणि कानाला मिळाले ६. १५ वॉटच्या व्हॉल्व्ह ॲम्पचं गणित वेगळं होतं, कारण त्यात सुळका मर्यादेला भिडला की तो कापला न जाता गोलसर दाबला जातो. वादकाला ते खटकत नाही, उलट तोच गोडवा त्याला हवा असतो, म्हणून तो आवाज आणखी वाढवतो. सुळका दबल्यामुळे सरासरी मर्यादेच्या ४ डेसिबेल खालपर्यंत वर आली, तरी तीही ६ वॉट होते. १५ आणि १०० वॉटचे दोन ॲम्प कानाला सारखे वाटले, आणि भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम मोडला नाही.

याच्याही पुढे जाता येतं. ॲम्प पूर्ण ताणला की साइन लहरीच्या डोक्याचे आणि पायाचे गोल भाग सपाट होत होत ती चौकोनी लहरीकडे सरकते. तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लहरीत साइनच्या दुप्पट शक्ती असते. म्हणजे स्वच्छ आवाजात ५० वॉट देणारा ॲम्प पूर्ण ताणल्यावर तत्त्वतः १०० वॉटपर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात पॉवर सप्लाय दबल्यामुळे त्याहून कमी भरतो. हे सॉलिड-स्टेटलाही तितकंच लागू आहे, आणि हा तपशील चर्चेत बहुधा सुटतो. तोही चौकोनी लहर देऊ शकतो, त्याचेही वॉट दुप्पट होऊ शकतात. फरक असा की त्यात भरपूर निगेटिव्ह फीडबॅक (बाहेरचा सिग्नल उलटा करून आत परत देऊन विकृती दाबण्याची युक्ती) असल्याने मर्यादेपर्यंत विकृती जवळजवळ शून्य असते आणि मर्यादा गाठताच ती एकदम उसळते. वरच्या श्रेणीचे कर्कश हार्मोनिक बाहेर पडतात, आवाज फाटतो आणि वादकाचा हात आपोआप बटण मागे घेतो. ती शक्ती त्याच्यापाशी असते. ती ऐकवत नाही म्हणून वापरली जात नाही. १९७३ मध्ये रसेल हॅम यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये याच विषयावर निबंध लिहिला होता. मर्यादा ओलांडल्यावरही व्हॉल्व्हचा आवाज खटकत नाही आणि म्हणून तो अधिक मोठा भासतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी तपासले होते ते रेकॉर्डिंगमधले मायक्रोफोन प्रीॲम्प, गिटारचे पॉवर ॲम्प नव्हेत. त्यामुळे त्यांचे आकडे इथे जसेच्या तसे उचलू नयेत. यंत्रणेची दिशा मात्र तीच आहे.

आणखी एक कारण रेझिस्टरवरच्या मोजणीत अजिबात दिसत नाही. ८ ओहमचा स्पीकर सगळ्या फ्रीक्वेन्सींना ८ ओहमचा नसतो. खर्जात, जिथे त्याचा शंकू स्वतःच्या लयीत डुलतो, तिथे त्याचा विरोध कित्येक पट चढतो. पुढे खाली येतो आणि वरच्या स्वरांकडे पुन्हा हळूहळू वाढत जातो. सॉलिड-स्टेट ॲम्प व्होल्टेज स्थिर धरतो, म्हणून विरोध वाढला की तिथे शक्ती कमी जाते. व्हॉल्व्ह ॲम्प, विशेषतः एसी-३० सारखा निगेटिव्ह फीडबॅक नसलेला, व्होल्टेज तितकंसं धरून ठेवत नाही. विरोध वाढतो तिथे त्याचं व्होल्टेजही वाढतं. परिणामी खर्जाला भरीवपणा येतो आणि २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्याला उठाव मिळतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या कानाच्या आलेखांपासून आपल्याला माहीत आहे की याच पट्ट्यात कान सगळ्यात तीक्ष्ण असतो. ड्रम आणि कीबोर्डच्या गलक्यातून गिटार वर येते ती इथूनच. पुढे सॉलिड-स्टेट गिटार ॲम्प बनवणाऱ्यांनीही करंट फीडबॅक वापरून हे वागणं आणलं, म्हणजे हा गुण काचेचा नसून रचनेचा आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा: गिटारवादक आजकाल पेडल वापरतात. पेडलने सुळका आधीच दाबला असेल तर सॉलिड-स्टेट ॲम्पलाही दबलेलाच सिग्नल मिळतो, मग व्हॉल्व्हचा फायदा उरतो कुठे? आक्षेप रास्त आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला आधारच देतो. ओव्हरड्राइव्ह पेडल किंवा डिजिटल मॉडेलिंग असलेला ५० वॉटचा सॉलिड-स्टेट ॲम्प तशाच स्पीकरवर व्हॉल्व्ह ॲम्पच्या पुष्कळ जवळ येतो, कारण दाबण्याचं काम आधी उरकलेलं असतं. जादू काचेत असती तर पेडलने हे अंतर मिटलं नसतं. दुसरा आक्षेप असा की काही मिलिसेकंदांचा कापलेला सुळका कानाला कळतही नाही, मग १२ डेसिबेल राखून ठेवायची गरज काय? हेही बरोबर. म्हणून प्रत्यक्षात १५ विरुद्ध १०० इतकी टोकाची बरोबरी क्वचित होते. दोन ते तीन पटींचा फरक धरणं जास्त वास्तवाला धरून आहे. ‘एकाचे तीन’ हा समज आला असेल तो याच अनुभवातून. फक्त तो सगळ्या वादनाला लावला की चुकतो.

कारण स्वच्छ वाजवणाऱ्याला हा तिपटीचा हिशेब लागू पडत नाही. रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ चा सॉलिड-स्टेट ॲम्प ६० अधिक ६० वॉट दोन १२ इंची स्पीकरमधून देतो, आणि स्वच्छ आवाजात तो भल्याभल्या व्हॉल्व्ह ॲम्पशी बरोबरी करतो. स्वच्छ हवं तर व्हॉल्व्हमध्येही वॉट वाढवावेच लागतात. फेंडरच्या चॅम्पला ५ वॉट पुरतात कारण तो फाटण्यासाठीच वापरतात, पण ट्विन रिव्हर्बला ८५ वॉट दिले ते आवाज स्वच्छ राहावा म्हणून. बेसचं तर विचारूच नका. खर्जाचा स्वर कानापर्यंत मोठा पोचवायला शक्ती फार लागते आणि तो फाटला तर बँडचा पायाच ढासळतो. ॲम्पेगने १९६९ मध्ये एसव्हीटी काढला तेव्हा व्हॉल्व्ह वापरूनही ३०० वॉट ठेवले. द हू या रॉक बँडच्या वादकांनी १९६५ मध्ये ॲम्प बनवणारे जिम मार्शल यांच्याकडून १०० वॉटचे ॲम्प करवून घेतले, ते सभागृहं मोठी झाली आणि गिटारच्या ॲम्पपुढे माइक लावून त्याचा आवाज मोठ्या स्पीकरवर सोडण्याची सोय नव्हती म्हणून. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियममध्ये बीटल्ससमोर ५५ हजारांवर प्रेक्षक होते, मंचावर १०० वॉटचे व्हॉक्स होते, आणि प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत ते बुडून गेले. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबेल जातात. १ मीटरवरचे १२० डेसिबेल ६४ मीटरवर ८४ उरतात. आज मंचावर प्रत्येक ॲम्पपुढे माइक असतो, त्यामुळे प्रेक्षकांसाठी म्हणून मोठा ॲम्प घेण्याचं कारण उरलेलं नाही. ॲम्प लागतो तो ड्रमच्या शेजारी स्वतःला ऐकू येण्यापुरता.

तेव्हा ॲम्प निवडताना पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मला हवा असलेला आवाज फाटण्याच्या सीमेच्या अलीकडचा आहे की पलीकडचा? ब्लूज किंवा रॉक वाजवत असाल आणि पॉवर व्हॉल्व्हनेच गुरगुरावं असं वाटत असेल, तर तालीम आणि छोट्या कार्यक्रमांना १५ ते २२ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प बहुधा भरपूर होतो. ५० वॉटचा घेतलात तर तो हव्या त्या जागी पोचेपर्यंत बाकीचे वादक खोलीबाहेर गेलेले असतील. तेच काम पेडलशिवाय सॉलिड-स्टेटकडून हवं असेल तर ४० ते ६० वॉट धरा. जॅझ, ऑर्केस्ट्रातली सुगम साथ किंवा कीबोर्ड असेल तर व्हॉल्व्हला काही सूट देऊ नका, वॉटला वॉट लावून तुलना करा आणि सॉलिड-स्टेट बिनधास्त घ्या. वजनही वाचेल, दुरुस्तीचा खर्चही. दुकानात तपासताना दोन्ही ॲम्प शक्य तर एकाच कॅबिनेटला लावून बघा. बटणाच्या आकड्यावर जाऊ नका. व्हॉल्यूम ४ वर आहे म्हणजे ४० टक्के शक्ती लागली असं नसतं. बऱ्याच व्हॉल्व्ह ॲम्पचा स्वच्छ आवाज तिथेच संपतो आणि पुढे फक्त फाटणं वाढतं. त्याऐवजी मोबाइलवरचं ध्वनिमापक ॲप सुरू करून, फोन एकाच जागी ठेवून, दोन्ही ॲम्प आवाज फाटायच्या बेताला आणा आणि आकडे लिहून घ्या. ॲपचा आकडा स्वतः अचूक नसला तरी दोन आकड्यांमधला फरक कामाचा असतो.

मग ॲम्पची मागची बाजू पाहा. सॉलिड-स्टेटवर ‘१०० वॉट, ४ ओहम’ असं लिहिलं असेल आणि आतला स्पीकर ८ ओहमचा असेल, तर तुम्हाला मिळणार आहेत ६० वॉटच्या आसपास. बाकीचे मिळवायला दुसरं ८ ओहमचं कॅबिनेट समांतर जोडावं लागेल. ते जोडलं की स्पीकर दोन झाल्यानेही आवाज वाढतो, म्हणून पैसे असतील तर दुप्पट वॉटच्या ॲम्पपेक्षा दुसऱ्या कॅबिनेटवर घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. छापलेल्या किमान ओहमच्या खाली मात्र जाऊ नका, आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला ४, ८, १६ ओहमच्या वेगळ्या जागा असतात. योग्य जागी जोडलं तर तिन्हीकडे जवळपास पूर्ण शक्ती मिळते. त्याला स्पीकर न जोडता कधीही सुरू करू नका. ट्रान्सफॉर्मर गेला की दुरुस्तीचं बिल घाम फोडतं.

घरी वाजवणाऱ्यांसाठी हेच गणित उलट्या दिशेने चालतं. ‘१५ वॉट / ७ वॉट’ अशी कळ असलेले व्हॉल्व्ह ॲम्प फ्लॅटसाठी म्हणून विकले जातात. ती कळ दाबली की आवाज फक्त ३ डेसिबेलने उतरतो आणि शेजाऱ्यांना काही फरक पडत नाही. १५ वरून अर्ध्या वॉटवर आलं तर जवळपास १५ डेसिबेल उतरतात, आणि तेवढं झाल्यावरही १०० डेसिबेलच्या स्पीकरपुढे १ मीटरवर ९७ उरतात. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबेल आहे, यावरून अंदाज यावा. घरासाठी ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारा चांगला ॲटेन्युएटर किंवा हेडफोनची सोय असलेला छोटा मॉडेलिंग ॲम्पच बरा. आणि पूर्ण १५ वॉटवर वाजवणार असाल तर कानात प्लग घाला. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था ८५ डेसिबेलला दिवसाचे ८ तास सुरक्षित मानते आणि दर ३ डेसिबेलला ती वेळ निम्मी करते. तुमच्या ‘छोट्या’ ॲम्पपुढे १ मीटरवर १११-११२ डेसिबेल असतात. त्या हिशेबाने दिवसाची मुभा एका मिनिटाच्या आसपास संपते.